सोलापुरातल्या एका डेस्कटॉपवर ग्रोमॅक्स : संगणकीय रसायनशास्त्राच्या अभ्यासकाचा अभिप्राय

रेणूंच्या हालचालींचे सिम्युलेशन, म्हणजे संगणकावरील अनुकरण, करणाऱ्या ग्रोमॅक्स या संगणकप्रणालीबद्दल भरपूर लिहिले गेले आहे, परंतु त्यातले बहुतेक लेखन मोठा क्लस्टर (एकत्र जोडलेल्या अनेक संगणकांचा संच) हाताशी असलेल्या संशोधकांचे आहे. सोलापुरासारख्या शहरात, तासिका, प्रात्यक्षिके आणि उत्तरपत्रिकांचे गठ्ठे सांभाळून, ग्राफिक्स कार्ड बसवलेल्या एका डेस्कटॉपवर संशोधन पुढे रेटणाऱ्याला ही प्रणाली कितपत साथ देते, हे सांगण्यासाठी हा अभिप्राय लिहीत आहे. माझी पीएच.डी. याच विषयातली, अध्यापनाची नोकरी लागून गावी परतलो तेव्हा क्लस्टर मागे राहिला, ग्रोमॅक्स मात्र सोबत आली, कारण तिला परवान्याचे पैसे पडत नाहीत आणि तिचा सोर्स कोडही सर्वांना खुला आहे.

तिचा जन्म १९९१ च्या सुमारास नेदरलँड्समधील ग्रोनिंगेन विद्यापीठात, हर्मन बेरेंडसेन यांच्या विभागात झाला; पुढे तिच्या विकासाचे केंद्र स्वीडनमध्ये, स्टॉकहोम आणि उप्साला येथे गेले. ज्या विद्येची ती वारसदार आहे, तिचा पाया घालणाऱ्यांत सोलापूरहून रेल्वेने काही तासांवर असलेल्या हैदराबादेत जन्मलेले अनीसुर रहमान होते, हे मी वर्गात आवर्जून सांगतो. रहमान यांनी १९६४ मध्ये अमेरिकेत द्रवरूप आर्गॉनच्या ८६४ अणूंची हालचाल संगणकावर मांडली. त्यानंतर १९७७ मध्ये मॅकॅमन, गेलिन आणि कार्प्लस यांनी पहिल्यांदा एका प्रथिनाची हालचाल तपासली, तीही भोवतीच्या पाण्यावाचून आणि दहा पिकोसेकंदांहून कमी काळ (पिकोसेकंद म्हणजे सेकंदाचा एक लाख कोटीवा भाग). आज माझ्या टेबलावरचे यंत्र पाण्यात बुडालेल्या मध्यम आकाराच्या प्रथिनाचा शंभर नॅनोसेकंदांचा (एक नॅनोसेकंद म्हणजे हजार पिकोसेकंद), म्हणजे त्याच्या दहा हजारपटींहून अधिक काळाचा प्रवास काही दिवसांत पुरा करते. यात ग्राफिक्स कार्डाचा वाटा मोठा असला, तरी त्या कार्डाकडून एवढे काम काढून घेण्याचे कसब ग्रोमॅक्सचे आहे, आणि वेगाच्या बाबतीत तिच्याविषयी माझी कसलीही तक्रार नाही.

माझा विषय गावानेच दिलेला आहे. चादरी आणि टॉवेलांसाठी सूत रंगवणाऱ्या कारखान्यांच्या सांडपाण्यात ॲझो वर्गातील, म्हणजे दोन नायट्रोजन अणूंमधील ॲझो बंध असलेले रंग येतात, आणि बुरशीपासून मिळणारे लॅकेज नावाचे विकर (एन्झाइम) अशा अनेक रंगांचे विघटन करू शकते. रंगाचा रेणू लॅकेजच्या कोणत्या खोबणीत, किती घट्ट आणि किती वेळ बसतो, तेथील कोणती अमिनो आम्ले त्याला धरून ठेवतात, हे पाहण्यासाठी मी ही प्रणाली वापरतो. कामाचा क्रम ठरलेला आहे : प्रोटीन डेटा बँक या सार्वजनिक संग्रहातून प्रथिनाची संरचना घ्यायची, फोर्स फिल्ड (अणूंमधील बलांची सूत्रे आणि आकडे) निवडायचे, पाण्याची पेटी भरायची, भार संतुलित करण्यासाठी आयन टाकायचे, ऊर्जा खाली आणायची, तापमान व दाब स्थिर करायचा आणि मग मुख्य गणना सोडायची. सगळे काम टर्मिनलवर आज्ञा टाइप करून होते. माऊसने बटणे दाबण्याची सोय नाही. रेणू डोळ्यांनी पाहण्यासाठी व्हीएमडीसारखी वेगळी प्रणाली घ्यावी लागते. नवख्या विद्यार्थ्याचे पहिले काही आठवडे लिनक्स ही संगणकाची कार्यप्रणाली शिकण्यातच जातात, आणि ते जाऊ द्यावेत असे माझे मत आहे.

या सगळ्या टप्प्यांत मला सर्वाधिक मोलाची वाटते ती ग्रोम्प ही आज्ञा. गणना सुरू होण्यापूर्वी ती सगळ्या फाइली एकत्र वाचते, त्यांची पडताळणी करते आणि विसंगती आढळली तर काम थांबवते. काँगो रेड या रंगाच्या रेणूवर प्रत्येकी उणे एक भाराचे दोन सल्फोनेट गट असल्याने त्याचा एकूण भार उणे दोन यायला हवा. फाइलमधील एखाद्या अणूचा आंशिक भार चुकीचा पडला, तर बेरीज अपूर्णांकात येते आणि ग्रोम्प ते तत्काळ दाखवते. परंतु अशा सूचनांकडे काणाडोळा करण्याची पळवाटही त्याच आज्ञेत आहे. मॅक्सवॉर्न हा पर्याय पुढे जोडला की ठरवलेल्या संख्येपर्यंतच्या सूचना असूनही काम पुढे सरकते. दुसऱ्याच्या टिपणांतून आज्ञा जशाच्या तशा उतरवणारे विद्यार्थी हा पर्यायही सोबत उतरवतात. मी मार्गदर्शक म्हणून हा शब्द दिसला की ती फाइल परत करतो.

आता सोलापूरकराच्या दृष्टीने महत्त्वाची बाब, ती म्हणजे वीज. दोन फेम्टोसेकंदांच्या (फेम्टोसेकंद म्हणजे पिकोसेकंदाचा हजारावा भाग) पावलांनी शंभर नॅनोसेकंद गाठायचे तर पाच कोटी पावले टाकावी लागतात, आणि इतका वेळ अखंड वीज मिळेल याची खात्री वळवाच्या दिवसांत कोणी देऊ शकत नाही. ग्रोमॅक्स दर पंधरा मिनिटांनी गणनेची पूर्ण स्थिती चेकपॉइंट फाइलमध्ये नोंदवते आणि त्याआधीची नोंदही जपून ठेवते, त्यामुळे नेमके लिहिण्याच्या क्षणी यंत्र बंद पडले तरी मागचा टप्पा हाताशी राहतो. वीज आल्यावर एका आज्ञेत गणना पुढे सुरू होते आणि नवे आकडे जुन्याच फाइलींना जोडले जातात. ही सोय नसती तर या गावात हा विषय चालवणे मी केव्हाच सोडून दिले असते. उन्हाळ्याचे दुखणे वेगळे आहे. पारा बेचाळिसाच्या वर गेला की तापलेले कार्ड स्वतःचा वेग कमी करते, आणि लॉग फाइलच्या शेवटी छापला जाणारा दिवसाला किती नॅनोसेकंद हा आकडा जानेवारीच्या मानाने स्पष्ट घटलेला दिसतो. यात प्रणालीचा दोष नाही. एप्रिल-मे महिन्यांत मी मोठ्या गणना रात्री सोडतो.

मर्यादांबद्दल मात्र स्पष्ट लिहिले पाहिजे, कारण प्रकल्पांचे प्रस्ताव वाचताना त्याच विसरल्या गेल्याचे जाणवते. नेहमीच्या सिम्युलेशनमध्ये रासायनिक बंध तुटत नाहीत आणि नवे जुळतही नाहीत. ‘लॅकेज ॲझो बंध कसा तोडते ते ग्रोमॅक्सने दाखवू’ असे प्रस्तावात लिहिणाऱ्याने रंगाचा रेणू खोबणीत बसतो इथवरच आपली धाव आहे, हे समजून घ्यावे. पुढची अभिक्रिया पाहायची तर मोजक्या अणूंना पुंजयांत्रिकी (क्वांटम मेकॅनिक्स) आणि उरलेल्यांना अभिजात, म्हणजे न्यूटनची, यांत्रिकी लावणारी संयुक्त पद्धत हवी. तिचा मार्ग वॉर्शेल आणि लेव्हिट यांनी १९७६ मध्ये लायसोझाइमवर दाखवला होता, आणि या दिशेच्या कामासाठी त्या दोघांना कार्प्लस यांच्यासह २०१३ चे रसायनशास्त्राचे नोबेल मिळाले. ग्रोमॅक्सला सीपी२के या पुंजयांत्रिक गणना करणाऱ्या प्रणालीशी जोडून असे काम करता येते, परंतु ते माझ्यासारख्याच्या डेस्कटॉपच्या आवाक्याबाहेरचे आहे.

लॅकेजमधील तांब्याचे चार अणू ही दुसरी अडचण. धातूभोवतीची रचना टिकवण्यासाठी फोर्स फिल्डला लागणारे मापदंड तयार मिळत नाहीत; ते प्रकाशित संशोधनातून घ्यावे लागतात किंवा पुंजयांत्रिक गणनेतून बसवावे लागतात. रंगाच्या रेणूचेही तसेच आहे. त्याची ओळख नसल्याचे सांगून ग्रोमॅक्स पहिल्याच पायरीवर थांबते, आणि मापदंडांसाठी अँबर किंवा चार्म या फोर्स फिल्डच्या परिवारातील वेगळ्या साधनांकडे जावे लागते. माझ्या मते, तीन महिन्यांच्या एम.एस्सी. प्रकल्पाला हा विषय दिल्यास निम्म्याहून अधिक वेळ या एका कामात जाईल. अशा विद्यार्थ्याला साधे, धातूविरहित प्रथिन द्यावे.

अल्फाफोल्डमुळे आता सिम्युलेशनची गरज उरली नाही, असे हल्ली चर्चासत्रांत ऐकू येते. प्रथिनाच्या संरचनेचा अंदाज वर्तवणाऱ्या त्या कामाला २०२४ च्या नोबेलमध्ये वाटा मिळाला, तो रास्तच आहे. तरी ती संरचना स्थिर असते. खोबणीचे तोंड किती वेळा उघडते, आत शिरलेले पाणी कोठून बाहेर पडते, रंगाचा रेणू कोणत्या बाजूने सरकतो, याचे उत्तर तिच्यातून मिळत नाही. ज्या प्रथिनाची प्रायोगिक संरचना उपलब्ध नाही, तेथे मी अल्फाफोल्डचे प्रारूप घेऊन ग्रोमॅक्सला सुरुवात करतो, आणि या दोन साधनांत मला स्पर्धा दिसत नाही.

एकदा चालवलेल्या एकाच गणनेवर निष्कर्ष काढू नयेत. सुरुवातीचे वेग बदलून किमान तीन स्वतंत्र गणना कराव्यात आणि त्यांत सातत्याने दिसेल तेवढ्यावरच लिहावे. ग्रोमॅक्स याची सक्ती करत नाही, तिचा आलेख एका गणनेतही तितकाच देखणा दिसतो.

ऊष्मागतिकी आणि सांख्यिकीय यांत्रिकीची बऱ्यापैकी जाण असलेल्या प्रत्येक एम.एस्सी. आणि पीएच.डी. विद्यार्थ्याला मी ही प्रणाली निःसंकोच सुचवतो. प्रणालीवर वाचलेले पैसे मध्यम प्रतीच्या ग्राफिक्स कार्डावर, चांगल्या पॉवर सप्लायवर आणि मोठ्या हार्ड डिस्कवर खर्च करावेत, कारण संक्षिप्त स्वरूपात साठवूनही मार्गक्रमणाच्या, म्हणजे अणूंच्या हालचालीची नोंद असलेल्या, फाइली झपाट्याने डिस्क भरतात. यूपीएस घेताना दुकानदाराला ग्राफिक्स कार्डाचा पूर्ण भार आधी सांगावा. घरगुती वापराचा छोटा यूपीएस त्या भाराखाली लगेच मान टाकतो.