ब्राँझचा अर्धपुतळा ओतून घ्यायचा तर: वडोदऱ्यातल्या एका ओतशाळेबद्दल

शाळा, मंडळं आणि ट्रस्टसाठी अर्धपुतळे करून देणारी ही मकरपुरा भागातली छोटी फाउंड्री. ओतकाम उत्तम, फिनिशिंग बरं, नोंदी ठेवण्याच्या नावाने बोंब.

शिल्पकाराचा मातीचा नमुना आपण द्यायचा. त्यावर सिलिकॉन रबराचा साचा, त्यात मेणाचा थर, मेणाभोवती प्लास्टर आणि सुरखीचं (विटांच्या भुकटीचं) वेष्टन. भट्टीत मेण निघून गेलं की उरलेल्या पोकळीत ११५० अंशांच्या आसपास तापलेलं गनमेटल, म्हणजे ब्राँझचाच एक प्रकार, ओततात. मिश्रण ८५-५-५-५ चं: तांबं ८५ टक्के, कथील, जस्त आणि शिसं प्रत्येकी ५. थंड होताना धातू साधारण दीड टक्का आकसतो. साठ सेंटिमीटरचा नमुना एकोणसाठच्या जरासा वर भरतो, त्यामुळे जुन्या चबुतऱ्यावर बसवायचा असेल तर शिल्पकाराला आधीच सांगून ठेवावं.

दर किलोवर आहे, आणि इथेच डोळे उघडे हवेत. ०.८ चौरस मीटर पृष्ठभाग आणि ५ मिलिमीटर जाडी धरली तर वजन ३५ किलोच्या घरात येतं. मेणाचा थर १० मिलिमीटर झाला की तेच ७० किलो. जाड म्हणजे दणकट असं नव्हे. जिथे जाडी अचानक बदलते तिथे धातू असमान थंड होतो आणि पृष्ठभाग आत ओढला जाऊन खळगा पडतो. इथल्या कामात गालावर थर एकसारखा असतो, पगडीच्या घडीत मात्र मेण साचू देतात. म्हणून पाहणी मेणातच करावी. चष्म्याची काडी, मिशीची टोकं, खाली कोरलेलं नाव, जे बदलायचं ते तेव्हाच. धातूत आल्यावर छिन्नी आणि ग्राइंडरशिवाय उपाय नाही.

काम हिवाळ्यात द्यावं. मे महिन्यात इथल्या उन्हाने मेण नरम पडून नाक-कान बसतात. पावसाळ्यात साचा पुरता सुकत नाही, ओलाव्याची वाफ होते आणि धातूत बुडबुड्यांची भोकं राहतात.

आता सांध्यांचं, म्हणजे पुतळ्याचे सुटे भाग जिथे जोडतात त्या जागांचं. त्यावरून एक जुना किस्सा. वॉशिंग्टनच्या कॅपिटॉलवरचा, म्हणजे अमेरिकी संसदेच्या इमारतीवरचा स्वातंत्र्यपुतळा थॉमस क्रॉफर्डचा, उंची १९ फूट ६ इंच. तो ओतला क्लार्क मिल्सच्या फाउंड्रीत. मागच्या दोन पायांवर उभ्या घोड्यावरचा अमेरिकी राष्ट्राध्यक्ष जॅक्सनचा पुतळा १८५३ मध्ये उभा करणारा शिल्पकार तो हाच. क्रॉफर्डचा प्लास्टर नमुना पाच भागांचा होता आणि ओतण्यासाठी तो पुन्हा सुटा करायला हवा होता. तो जोडणाऱ्या इटालियन कारागिराने सांधे बेमालूम बुजवले आणि जादा पैसे मिळाल्याशिवाय सांगणार नाही म्हणून अडून बसला. मिल्सचा गुलाम फिलिप रीड याने नमुन्याच्या डोक्यावरच्या लोखंडी कडीला आकडा अडकवून कप्पीने हळूहळू ताण दिला, तेव्हा सांध्यांवर केसासारख्या रेघा दिसल्या. रीड १८६२ मध्ये गुलामीतून सुटला. पुतळा १८६३ च्या डिसेंबरात घुमटावर पुरा झाला.

या ओतशाळेतही सांधे असेच बुजवतात आणि कुठे आहेत ते लिहून देत नाहीत. पुढे चीर गेली तर दुरुस्ती करणाऱ्याने रीड व्हायचं का? शिवाय वेल्डिंगची सळई सिलिकॉन ब्राँझची वापरतात. पॅटिनाचं, म्हणजे ब्राँझवर रंगाचा थर चढवण्याचं रसायन तिच्यावर वेगळा रंग धरतं, तिरप्या उजेडात मानेमागचा पट्टा लगेच कळतो. ओतलेल्या धातूचीच सळई मागा आणि पॅटिनाआधी सगळ्या सांध्यांचे फोटो घ्या.

गिऱ्हाईक बहुतेक वेळा ‘काळ्या घोड्यासारखा’ रंग मागतं, म्हणजे सयाजीबागेजवळच्या डर्वेंट वुडच्या १९०७ च्या अश्वारूढ सयाजीरावांसारखा. तो काळपटपणा एका दिवसाचा नाही. इथे पोटॅशियम सल्फाइड लावून ब्लोटॉर्चने तापवतात आणि वर मेण चढवतात. तपकिरी छटा छान येते. अगदी काळा कराल तर चेहऱ्यावरची घडण बुडते. मेणाचा हात दरवर्षी द्यावा. चिंच किंवा लिंबू लावून घासलं तर पॅटिना गेलाच.

शेवटचा हप्ता देण्याआधी पुतळा आडवा करून आत टॉर्च मारा. साच्याचं प्लास्टर राहिलं असेल तर ते ओल धरतं. ओतताना साच्याच्या आतला गाभा धरून ठेवणारे लोखंडी खिळे तसेच असतील तर पहिल्या पावसात छातीवर गंजाचे ओघळ येतात. खिळे काढून भोकं ब्राँझनेच बुजवलेली हवीत.