कॅरव्हॅनमधला डीसी टू डीसी चार्जर, आठ महिने वापरून झाल्यावर

मार्चमध्ये आमच्या ट्रेलर कॅरव्हॅनला २० अँपचा डीसी टू डीसी चार्जर (गाडी चालू असताना गाडीच्या विजेवर मागची बॅटरी भरणारा डबा) बसवला, सोबत १०० एएचची (अँपिअर-तासांची) लिथियम बॅटरी. आता दिवाळीही झाली, म्हणजे मे महिन्याचं ऊन आणि इगतपुरीचा पाऊस दोन्ही त्याने काढलेत, म्हणून आता लिहितोय.

आधी जुनी लेड ॲसिड बॅटरी होती, चार्जिंग गाडीच्या सात पिनच्या सॉकेटमधून यायचं. सापुताऱ्याला गेलो, दोन अडीच तास गाडी चालू, मागे फ्रिज चालू, आणि पोचून बघतो तर बॅटरी घरून निघताना होती त्याच्यापेक्षा खाली. रात्री फ्रिज बंद, सकाळी मुलीचं दूध नासलेलं. आमच्या बीएस सिक्स गाडीत अल्टरनेटर (इंजिनावर फिरून वीज बनवणारा) स्मार्ट आहे, गाडीची स्वतःची बॅटरी भरली की तो व्होल्टेज उतरवतो, मीटरवर १२.६ पण बघितलंय मी, आणि मागच्या बॅटरीला नीट भरायला १४ च्या वर लागतात. हा चार्जर मधे बसून कमी आलेलं व्होल्टेज १४.४ पर्यंत चढवून देतो, म्हणून घेतला.

पण पहिला महिना नुसता मनस्ताप. दहा मिनिटं चालायचा, बंद पडायचा, अर्ध्या मिनिटाने परत चालू, परत बंद. पीस खराब आहे असं धरून परत पाठवायला बॉक्ससुद्धा पॅक केला होता. अंबड लिंक रोडचे आमचे ऑटो इलेक्ट्रिशियन काका म्हणाले, "अहो थांबा, चार्जर चालू असताना त्याच्या इनपुटला किती व्होल्ट पोचतात ते आधी बघा." बघितलं. गाडीच्या बॅटरीवर १३.२, चार्जरच्या इनपुटला १०.८!

ज्याने फिटिंग केलं त्याने आधीचीच अडीच एमएमची (म्हणजे अडीच चौरस मिलिमीटर तांब्याची) वायर ठेवली होती. गाडीच्या बॅटरीपासून चार्जरपर्यंत सात मीटर, जाऊन येऊन चौदा, आणि २० अँप बाहेर द्यायला हा आत २५ च्या आसपास ओढतो, मग अडीच एमएममध्ये जवळजवळ अडीच व्होल्ट वाटेतच जातात. व्होल्टेज पडलं की चार्जर स्वतःला वाचवायला बंद होतो, लोड गेला की व्होल्टेज वर येतं आणि तो परत चालू होतो, एवढंच चाललं होतं. लोड नसताना मोजलं तर सगळं छान दिसतं, म्हणून मी महिनाभर फसलो.

मग १६ एमएमची तांब्याची वायर टाकली, प्लस आणि मायनस दोन्ही, लग (वायरच्या टोकाचे धातूचे जोड) हायड्रॉलिक क्रिम्पिंगने दाबून घेतले, गाडी आणि ट्रेलरच्या मधे ५० अँपचा अँडरसन प्लग (जास्त करंटचा, काढता-घालता येणारा जोड) लावला. फ्यूज ४० अँपचे आणि दोन्ही बॅटऱ्यांजवळ एकेक, कारण मागची बॅटरी पण करंट देऊ शकते, वायर मधे कुठे घासली तर आग दोन्हीकडून लागू शकते, हे कृपा करून टाळू नका. आता फरक ०.४ व्होल्टचा येतो. त्या दिवसापासून चार्जर एकदाही मधेच बंद पडलेला नाही.

उन्हाळ्यात बेडखालच्या बंद खोक्यात तो इतका तापायचा की करंट निम्म्यावर आणायचा, दोन बाजूंना जाळी लावली आणि छोटा पंखा बसवला, झालं.

पावसात मात्र वेगळंच. श्रावणात त्र्यंबकला पाण्याचा पंप चालू केला की आतले लाइट मंद व्हायचे. बॅटरी भरलेली. मल्टिमीटरची एक पिन बॅटरीच्या मायनसवर, दुसरी ट्रेलरच्या चॅसीवर, आणि पंप चालू करून बघितलं तर ०.८ व्होल्ट, जिथे जवळपास शून्य यायला हवं. अर्थचा बोल्ट (बॅटरीचा मायनस चॅसीला जोडणारा) रंगावरच आवळलेला होता आणि आतून गंजलेला. रंग खरवडून चकचकीत पत्रा काढला, नवीन लग, स्टार वॉशर, वरून पेट्रोलियम जेली. लाइट परत पहिल्यासारखे.

चार्जरबद्दल म्हणाल तर मी खूश आहे. मागच्या महिन्यात भंडारदऱ्याला ४० टक्के बॅटरीवर निघालो, फ्रिज चालू ठेवून, दोन तासांनी पोचलो तेव्हा ७० च्या आसपास होती. इग्निशनची वायर जोडल्यामुळे इंजिन बंद झालं की हाही बंद होतो, गाडीची बॅटरी उतरत नाही. तक्रार एकच, वायरच्या जाडीचा तक्ता मॅन्युअलच्या शेवटच्या पानावर बारीक अक्षरात दिलाय, तो पहिल्या पानावर हवा होता. घेणार असाल तर वायर, लग आणि फ्यूजचा खर्च आधीच बजेटमध्ये धरा, आणि फिटिंग झाल्यावर पैसे द्यायच्या आधी चार्जर फुल लोडवर असताना दोन्ही टोकांची व्होल्टेज तुमच्यासमोर मोजून घ्या.