द्राक्षबागेतला २७ एचपीचा छोटा ट्रॅक्टर : अकरा महिने आणि ४६८ तासांनंतर

गेल्या अक्षय्य तृतीयेला आम्ही बागेसाठी २७ एचपीचा फोर बाय फोर छोटा ट्रॅक्टर घेतला. आज तासमीटरवर ४६८ तास झालेत. गेल्या वर्षीचा लांबलेला पाऊस, गोडी छाटणी (फळासाठीची छाटणी), जवळजवळ दिवसाआड चाललेली फवारणी आणि आता संपत आलेली काढणी, एवढं सगळं त्याच्यावर झालं. नवा ट्रॅक्टर बघणाऱ्यांना उपयोग होईल म्हणून सविस्तर लिहितो आहे.

कंपनीचं नाव लिहीत नाही. आपल्या एका मशीनवरून कंपनीवर शिक्का मारणं बरोबर नाही, आणि मला सांगायचंय ते एकाच कंपनीपुरतं नाही. त्या कंपनीत परदेशी भांडवल आहे, एवढं मात्र सांगतो, कारण घेताना शोरूममधल्या मुलाने तीच गोष्ट सगळ्यांत आधी सांगितली होती. "दादा, आता बाहेरची टेक्नॉलॉजी आहे, बघायचं काम नाही."

आधी मशीनबद्दल. मशीन चांगलं आहे, मनापासून सांगतो. आमच्या ओळी नऊ फुटांच्या. जुन्या मोठ्या ट्रॅक्टरने ओळीत शिरलं की ओलांड्याला (वेलीच्या आडव्या फांदीला) टायर लागेल म्हणून जीव मुठीत धरावा लागायचा. हा चार फुटांच्या आत बसतो आणि ओळीच्या टोकाला एका दमात वळतो. आमची खालची जमीन काळी, चिकट. पूर्वी मोठा पाऊस झाला की तिथे दोन-तीन दिवस ट्रॅक्टर घालता येत नसे. पुढची चाकं जोडली की हा दुसऱ्या दिवशी सकाळी फवारणीचा सहाशे लिटरचा ब्लोअर घेऊन निघतो. डाऊनी या बुरशीरोगाच्या दिवसांत या एका दिवसाची किंमत बागायतदाराला वेगळी सांगावी लागत नाही. ब्लोअरवर तासाला तीन-सव्वातीन लिटर डिझेल जातं, नुसत्या ट्रॉलीला बरंच कमी. पॉवर स्टेअरिंग हलकं आहे, ऑइलमधले ब्रेक चिखलातही धरतात. सीट मात्र कडक आहे, चार तासांनंतर कंबर बोलते. रोटर मारताना उन्हाळ्यात पायाशी गरम हवा येते. या गोष्टी चालवून घेता येतात.

पैशाचं एक दुखणं लिहून टाकतो. आम्ही घेतला तेव्हा जीएसटी १२ टक्के होता, सगळं मिळून सव्वासहा लाखांच्या आसपास पडला. २२ सप्टेंबर २०२५ पासून तो कर ५ टक्क्यांवर आला. पाच महिने थांबलो असतो तर जवळपास चाळीस हजार वाचले असते. पण खरड छाटणी (काढणीनंतरची छाटणी) तोंडावर होती, थांबणं शक्य नव्हतं.

आता ज्यासाठी हे लिहायला बसलो ते.

ऑक्टोबरच्या तिसऱ्या आठवड्यात, २१२ तासांवर, पुढच्या ॲक्सलच्या उजव्या बाजूने ऑइल गळायला लागलं. सकाळी शेडमध्ये बशीएवढा डाग, संध्याकाळपर्यंत चाकाच्या आतून धार. सील गेलं होतं. बाग पोंगा अवस्थेत होती, म्हणजे कोंब फुटत होते, काही प्लॉट दोडा अवस्थेला, म्हणजे फुलोऱ्याआधीच्या कोवळ्या घडांना, लागले होते, आणि आभाळ हटत नव्हतं. तालुक्याच्या गावातला डीलर तोवर बंद झाला होता, जवळचा आता नाशिकला. तिथे फोन केला तर म्हणाले, जुना पार्ट नंबर बंद झालाय, नव्या नंबरने मागवावा लागेल. तोपर्यंत बाहेरच्या मिस्त्रीला हात लावू देऊ नका, वॉरंटी जाईल.

सील यायला अकरा दिवस लागले. मधे दिवाळीची सुट्टी होती, ते मान्य. पण द्राक्षाला सुट्टी नसते. शेजाऱ्यांनी त्यांची फवारणी उरकल्यावर ट्रॅक्टर दिला, म्हणून वरचे प्लॉट वाचले. खालच्या दीड एकरात फवारणी दोनदा चुकली आणि डाऊनी थेट घडावर आली. ज्याच्यासाठी हे सगळं झालं ते सील ३८० रुपयांचं होतं.

मी आधी हा सगळा दोष "परदेशी कंपनी" या शब्दावर टाकून मोकळा झालो होतो. आबांनी अडवलं. म्हणाले, आपल्याकडे परदेशी नव्हता असा ट्रॅक्टर कधी होता? विचार केला तर खरं आहे. आजोबांचा पहिला ट्रॅक्टर इंटरनॅशनल बी-२७५. महिंद्राने १९६३ साली अमेरिकेच्या इंटरनॅशनल हार्वेस्टरबरोबर भागीदारी केली, त्यातून तो आला. ती अमेरिकन कंपनी पुढे कर्जात बुडाली. तिचा शेती विभाग १९८५ साली केस नावाच्या कंपनीत मिसळला, आणि ती केस १९९९ साली न्यू हॉलंडबरोबर एक होऊन आजची सीएनएच झाली. मूळ कंपनी दुसऱ्याच्या पोटात गेली, आणि तिच्याकडून शिकलेली महिंद्रा आज ट्रॅक्टरच्या संख्येत जगात पहिली आहे.

आबांचा ट्रॅक्टर फोर्ड ३६००, १९८६ साली घेतलेला, अजून चालू. तो बनवला फरिदाबादच्या एस्कॉर्ट्सने, फोर्डच्या भागीदारीत. १९९१ मध्ये फोर्डने आपला जगभरचा ट्रॅक्टरचा धंदा फियाटला दिला आणि पुढे ते नावच बाजारातून गेलं. इथे एस्कॉर्ट्सने त्याच घराण्याचे ट्रॅक्टर फार्मट्रॅक नावाने चालू ठेवले. आणि २०२२ पासून ती कंपनीच एस्कॉर्ट्स कुबोटा आहे, जपानच्या कुबोटाच्या सहप्रवर्तकपदाखाली.

आम्हाला सर्वांत जास्त लागतं ते स्वराजचं. दुर्गापूरच्या सरकारी संशोधन संस्थेत आपल्या इंजिनिअरांनी आखलेला, १९७४ पासून मोहालीत बनलेला ट्रॅक्टर. परवाना कुणाचा नाही, म्हणून नाव स्वराज. पंजाब सरकारने त्यातून हात काढला आणि २००७ मध्ये पंजाब ट्रॅक्टर्स महिंद्राकडे गेली. कंपनी देशातच राहिली, नावही राहिलं, पण बाजारातला एक स्वतंत्र स्पर्धक कमी झाला. महिंद्रा आणि स्वराज मिळून आज देशात विकल्या जाणाऱ्या दर दहा ट्रॅक्टरांतले चारांहून अधिक एका घरचे आहेत. आयशरचा ट्रॅक्टरचा धंदा २००५ मध्ये टॅफे या कंपनीकडे गेला. त्याच वर्षी पुण्याजवळच्या सणसवाडीच्या कारखान्यातून एल अँड टी बाहेर पडली आणि तो पूर्ण जॉन डिअरचा झाला. सरकारी एचएमटीचे ट्रॅक्टर २०१६ मध्ये बंदच झाले. शोरूमच्या रस्त्यावर बोर्ड दहा-बारा दिसतात, पण मागे जाऊन बघितलं तर मालक मोजके.

प्रवाह एकाच दिशेने वाहतो असंही नाही. महिंद्राने तुर्कस्तानातली एर्कुंट घेतली, जपानच्या मित्सुबिशीच्या शेतीयंत्र कंपनीत हिस्सा घेतला. चेन्नईच्या टॅफेचा अमेरिकेच्या ॲग्कोशी वाद चालला, तो २०२५ मध्ये आपसांत मिटला. ॲग्कोने टॅफेतला आपला हिस्सा विकला आणि भारत, नेपाळ, भूतानपुरतं मॅसी फर्ग्युसन हे नाव टॅफेचं झालं. एका नावाचे दोन देशांत दोन मालक! मग बोनेटवरचं नाव बघून शेतकऱ्याने नेमकं काय ओळखायचं?

माझं मत आता असं झालंय की मालक जपानी, अमेरिकन की आपला, हा आपल्यासाठी दुसरा प्रश्न आहे. पहिला प्रश्न, पाना कुणाच्या हातात. फोर्डची कंपनी गेली, नाव गेलं, तरी आमचा ३६०० कधी अडला नाही. त्याचं सील, बेअरिंग, क्लच प्लेट तालुक्याच्या तीन दुकानांत मिळते आणि गावचे मिस्त्री तो डोळे झाकून खोलतात. आताच्या ट्रॅक्टरचं तसं नाही. पार्ट एका दुकानात, नंबर एका कॉम्प्युटरमध्ये, आणि खोलायची परवानगी एका माणसाकडे. कंपन्या कमी झाल्या की डीलर कमी होतात, आणि उरलेल्या डीलरला घाई कशाला असेल?

हा त्रास आपल्याकडेच आहे असंही नाही. अमेरिकेत कोलोरॅडो राज्याने २०२३ मध्ये शेतकऱ्याला स्वतःचं यंत्र दुरुस्त करण्याचा हक्क देणारा कायदा केला. जानेवारी २०२५ मध्ये अमेरिकेच्या केंद्रीय व्यापार आयोगाने दुरुस्ती अडवण्याच्या कारणावरून जॉन डिअरवर खटला भरला. आपल्या ग्राहक व्यवहार खात्याने २०२२ मध्ये दुरुस्तीच्या हक्कासाठी समिती नेमली, तिच्या यादीत शेतीयंत्रं आहेत. यादीत आहेत याचं समाधान वाटतं, पण ऑक्टोबरमध्ये अंगणात गळणाऱ्या ॲक्सलला त्याचा उपयोग झाला नाही.

हाच ट्रॅक्टर परत घेईन का? घेईन, बागेत त्याच्यासारखा दुसरा मी चालवलेला नाही. पण पैसे भरण्याआधी तीन गोष्टी करीन. पुढच्या ॲक्सलचं सील, फिल्टर, फॅन बेल्ट आणि क्लच प्लेट आज काउंटरवर आहे का, ते डोळ्यांनी बघीन, तोंडी उत्तर चालणार नाही. पार्टचं पुस्तक मागून घेईन. आणि वॉरंटीत बाहेरच्या मिस्त्रीने नेमकं काय केलेलं चालतं, ते लिहून घेईन. मी हे जानेवारीत मागितलं. थोडी कुरकुर झाली, पण पुस्तकाची प्रत मिळाली आणि सील बदलण्याला हरकत नाही असं पत्रही मिळालं.

फेब्रुवारीत डाव्या बाजूचं सील गळायला लागलं, ३९० तासांवर. या वेळी शेडमध्ये दोन सीलं आणून ठेवलेली होती. मिस्त्री सकाळी आले, पुस्तक उघडून मापं ताडून पाहिली, चाक उतरवलं. दुपारी जेवायच्या आत ट्रॅक्टर बागेत होता.

आमच्या शेडच्या पत्र्यावर आबांनी ऑइलपेंटने फोर्डच्या सगळ्या बेअरिंगांचे आणि सीलांचे नंबर लिहून ठेवलेत, चाळीस वर्षांत तीनदा रंग दिला तरी तेवढा तुकडा सोडून दिला. त्या दिवशी मिस्त्रींनी त्याच्या खाली नव्या ट्रॅक्टरचे पहिले चार नंबर लिहिले.