अननसाच्या चटणीसाठी म्हापशाचे विनागर आणि माडाचा गूळ

म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारात घरगुती विनागर, म्हणजे माडाच्या सुरेपासून केलेले व्हिनेगर, आणि माडाचाच काळपट गूळ विकायला बसलेल्या बायकांकडून मी यंदा जूनमध्ये दोन्ही जिन्नस आणले आणि त्यांवर अननसाची चटणी केली. फळाची चटणी घरी करणाऱ्याने हे दोन्ही अवश्य वापरून पाहावेत, असे माझे स्पष्ट मत आहे.

विनागर उत्तम निघाले. ते किंचित गढूळ होते, बाटलीच्या तळाशी थोडा साका होता आणि आंबटपणा नाकाला न झोंबता जिभेवर सावकाश उतरत होता. गेल्या वर्षी दुसऱ्या एका ठिकाणी घरगुती म्हणून घेतलेली बाटली पाण्यासारखी स्वच्छ आणि वासाला उग्र होती. तिने केलेल्या चटणीत अननसाची चव मुळीच उरली नाही. म्हणून विकत घेण्यापूर्वी बूच काढून वास घ्यावा; प्रामाणिक विक्रेती त्याला कधीच नाही म्हणत नाही.

गुळाला उसाच्या गुळापेक्षा खोल, जरासा खारट स्वाद आहे आणि आंबट फळाशी त्याचे छान जुळते. मात्र त्यात बारीक कचकच निघाली, त्यामुळे तो विनागरात विरघळवून फडक्यातून गाळून घ्यावा लागला.

डोळे काढून बारीक चिरलेल्या १ किलो अननसाला २५० ग्रॅम गूळ, १५० मिलीलिटर विनागर, बोटभर आले, सहा सुक्या मिरच्या, चमचाभर मोहरी आणि दोन चमचे मीठ हे माझे प्रमाण आहे. फळ आधी स्वतःच्या रसातच मऊ होऊ द्यावे आणि मगच गूळ-विनागर घालावे, कारण गूळ आधी पडला तर फोडी चिवट राहतात. भांडे जाड बुडाचे आणि स्टीलचेच असावे. ॲल्युमिनियमवर आम्लाची क्रिया होऊन चटणीला धातूची चव येते. मंद आचेवर पाऊण तासाने पळी तळावरून ओढली असता मागे वाट उरली आणि त्या वाटेत पाणी सुटले नाही, तेव्हा मी चटणी उतरवली.

पहिल्या दिवशी चटणी तिखट आणि आंबट अशी वेगवेगळी लागली, पण दहा-बारा दिवसांनी तिची चव एकजीव झाली आणि उकड्या तांदळाच्या पेजेबरोबर तर ती लोणच्यापेक्षाही आवडली. घरगुती विनागराची आम्लता मोजलेली नसल्यामुळे बरणी मी फ्रिजमध्येच ठेवतो.

तक्रार एकच आहे. जुन्या बाटलीचे सैल बूच निसटून वाटेत माझी पिशवी भिजली, तेव्हापासून घट्ट झाकणाची काचेची बाटली मी घरूनच नेतो आणि त्या बायका ती आनंदाने भरून देतात.