सिम्युलेटर आधी की व्हिडिओ? इलेक्ट्रॉनिक्सच्या शिक्षकासाठी तुलना

जळगाव, धुळे किंवा नंदुरबारच्या तंत्रनिकेतनात शिकवणाऱ्या आणि उन्हाळ्याच्या सुट्टीत स्वतःचे परस्परसंवादी साहित्य तयार करू पाहणाऱ्या शिक्षकापुढे प्रामुख्याने दोन मार्ग असतात: एच-फाइव्ह-पी या परस्परसंवादी साहित्य बनवण्याच्या साधनातला, मध्येच थांबून प्रश्न विचारणारा व्हिडिओ आणि ब्राउझरमध्ये चालणारा पॉल फाल्स्टॅड यांचा सर्किट सिम्युलेटर, म्हणजे पडद्यावरच सर्किट जोडून चालवून पाहण्याचे साधन. दोन्ही मोफत आहेत. माझा कौल मात्र आधी सिम्युलेटरला आहे.

ब्रिज रेक्टिफायरचेच घ्या, म्हणजे चार डायोडनी एसीचा डीसी करणाऱ्या सर्किटचे. ५० हर्ट्झचा पुरवठा, १०० मिलिअँपिअरचा लोड आणि ४७० मायक्रोफॅरडचा कॅपॅसिटर असेल, तर रिपल (डीसीत उरलेला चढउतार) साधारण २ व्होल्ट येतो. विद्यार्थ्याने स्लायडर सरकवून १००० मायक्रोफॅरड केले की तो १ व्होल्टच्या आसपास उतरतो आणि त्याची वारंवारता १०० हर्ट्झ असल्याचेही आलेखावर मोजता येते. एक डायोड उलटा जोडला, तर एका अर्धचक्रात ट्रान्सफॉर्मरची दुय्यम बाजूच शॉर्ट होते. टेबलावर ही चूक महाग पडते. पडद्यावर ती मुद्दाम करून पाहावी.

शिवाय असे सर्किट म्हणजे मजकुराच्या काही ओळी असल्याने दुरुस्ती मिनिटभरात होते, व्हिडिओत एक आकडा चुकला तरी तेवढा भाग पुन्हा चित्रित करावा लागतो. सातपुड्यातल्या धडगाव-अक्कलकुव्याकडे, जिथे नेटवर्कचा भरवसा नसतो, तिथे ही इवलीशी फाइल पेनड्राइव्हवरून देता येते, कारण सिम्युलेटरची ऑफलाइन आवृत्तीही मिळते. मोबाइलच्या लहान पडद्यावर जोडणी करणे मात्र जिकिरीचे असते. त्यासाठी संगणक कक्षच हवा.

आर्डुइनो (प्रोग्राम करता येणारा छोटा बोर्ड) शिकवायचे असेल तर टिंकरकॅड हे ऑनलाइन साधन सोयीचे आहे, पण त्याला खाते आणि इंटरनेट दोन्ही लागतात.

व्हिडिओचे बळ हाताच्या कामात दिसते. सोल्डरिंगमध्ये तापलेल्या पॅडवर कथिल कसे पसरते, हे सिम्युलेटर दाखवू शकत नाही. आणि घरी अहिराणी बोलणाऱ्या मुलांना ते त्यांच्याच बोलीत समजावता येते, हा लाभ मला फार मोलाचा वाटतो. त्याहून महत्त्वाची बाब सीआरओची, म्हणजे विद्युत लहरी पडद्यावर दाखवणाऱ्या ऑसिलोस्कोपची आहे. सिम्युलेटरमध्ये रेक्टिफायरची इनपुट आणि आउटपुट लहर एकाच वेळी निर्धोक पाहता येते, परंतु नेहमीच्या सीआरओमध्ये दोन्ही चॅनेलचे ग्राउंड आतून जोडलेले असल्यामुळे तसे करताना ब्रिजमधला एक डायोडच शॉर्ट होतो. म्हणून पहिला व्हिडिओ ग्राउंड क्लिपवरच करावा, आणि क्लिप लावण्याच्या क्षणी तो थांबवून प्रश्न विचारावा: ही आता कुठे लावाल?