एका आकड्याचे सव्वा लाख

वय ४७, कुंडईच्या कारखान्यात आलटून-पालटून शिफ्ट. पोट सुटलेलं, जिना चढताना दम, कशात मन नाही. चवथीला मेहुणा म्हणाला, "भावजी, पर्वरीकडे एक हॉर्मोनवाले आहेत, दाखवून या." गेलो.

एसी, गुळगुळीत फरशी, पुदिन्याचं पाणी. सकाळी अकराला एकदाच रक्त घेतलं. चौथ्या दिवशी रिपोर्ट समोर ठेवून साहेबांनी लाल पेनने गोल केला: ग्रोथ हॉर्मोन ०.०८. "सर, तुमची ग्रंथी झोपलीय." तीन महिन्यांचं पॅकेज, रोज रात्री पोटात एक इंजेक्शन, सव्वा लाख. सोसायटीतली ठेव मोडली. बायकोला आधी सांगितलं नाही, ही चूक माझी.

सहाव्या आठवड्यात बोटं सुजली, अंगठी साबण लावून काढावी लागली. पहाटे हात बधिर. उपाशीपोटीची साखर १०२ होती, ती १४१ झाली. "शरीर जुळवून घेतंय, सर."

शेवटी बांबोळीच्या सरकारी इस्पितळात गेलो. डॉक्टरबाईंनी रिपोर्टाकडे नंतर पाहिलं, आधी विचारलं: डोक्याचं ऑपरेशन झालंय? रेडिएशन? अपघातात डोक्याला मोठा मार? पिच्युटरीची, म्हणजे हा हॉर्मोन बनवणाऱ्या मेंदूखालच्या ग्रंथीची गाठ? यातलं काहीच नव्हतं. "मग मोठ्या माणसात हा आजार शोधायचाच कशाला?"

हा हॉर्मोन दिवसभर एकसारखा नसतो. लाटांनी सुटतो, सगळ्यात जास्त गाढ झोपेत. दिवसा कधीही रक्त घ्या, बहुतेकांचा आकडा तळालाच. पोट सुटलेलं असेल तर आणखी खाली. खरी तपासणी वेगळी. इन्सुलिन देऊन साखर मुद्दाम ४० च्या खाली आणतात आणि दर थोड्या वेळाने रक्त घेऊन हॉर्मोन किती उसळतो ते बघतात. घाम फुटतो, हात थरथरतात, म्हणून डॉक्टर शेजारी लागतो. फीट येणाऱ्यांना, हृदयरोग्यांना ती करत नाहीत. त्यांना ग्लुकॅगॉन नावाचा दुसरा हॉर्मोन टोचून तीन-चार तास बसवतात आणि तसंच रक्त घेतात. आयजीएफ-१, म्हणजे ग्रोथ हॉर्मोनमुळे शरीरात तयार होणारा पदार्थ, त्याची रक्ततपासणी संशयापुरती. ती नॉर्मल आली तरी आजार नाहीच असं म्हणता येत नाही. माझी इंजेक्शनं बंद करून महिन्याने केली, वयाच्या मानाने ठीक निघाली. थकवा रात्रपाळीचा आणि घोरण्याचा. झोपेची तपासणी सांगितलीय.

मग बाईंनी तोच रिपोर्ट माझ्याकडे वळवला. ०.०८ च्या शेजारच्याच रकान्यात छापलं होतं: ०.०३ ते २.४७. म्हणजे त्या कागदाच्याच हिशेबाने मी नॉर्मल. आता आठवतं, गोल करताना साहेबांचा डावा तळवा नेमका त्या रकान्यावर होता.

पैसे मागायला गेलो तर रिसेप्शनवरची मुलगी फक्त हसली. ग्राहक आयोगाकडे जायचं म्हणून ओळखीच्या वकिलांना पावती दाखवली. त्यांनी चष्मा लावून ती दोनदा वाचली. वर 'वेलनेस प्रोग्राम, ९० दिवस', खाली सही नाही, फक्त शिक्का.

"भाऊ," ते म्हणाले, "यात इंजेक्शन कुठे आहे?"