साठीनंतर कॅरम घ्यायचा तर पूर्ण मापाचाच घ्या

निकाल आधीच सांगते. १६ मि.मी. प्लायचा, स्पर्धेच्या मापाचा हा कॅरम आमच्या सोसायटीच्या ज्येष्ठ नागरिक कट्ट्यासाठी घेतला आणि मी त्याला पाचपैकी साडेचार तारे देते. अर्धा तारा का कापला ते पुढे येईलच. पण परीक्षण लिहायला बसले ती मुख्यतः एका कारणासाठी. तुमच्या घरात कुणी आजी-आजोबा असतील, लहानपणी कॅरम खेळलेले असतील आणि तुम्ही त्यांच्यासाठी बोर्ड बघत असाल, तर कृपा करून त्यांना लहान मुलांचा बोर्ड आणून देऊ नका.

दुकानात आम्ही चौघे गेलो होतो, सगळे सत्तरीच्या आसपासचे. दुकानदाराने न विचारताच २६ इंची, पातळ प्लायचा हलका बोर्ड काढून समोर ठेवला. म्हणाला, "टाइमपासला हा पुरे झाला, उचलायलाही सोपा." माणूस चांगला होता, मनात वाईट काही नव्हतं. पण मी त्यावर स्ट्रायकर सोडून पाहिला आणि तो समोरच्या कडेवर आपटून तिथेच मेला. अशा बोर्डवर ज्याला खेळ येतो त्याचाही खेळ होत नाही. मग घरचे म्हणतात, "बघा, हौसेने आणला आणि पडून आहे." हौस संपलेली नसते हो, बोर्ड खराब असतो.

माझा कॅरम गिरगावातल्या चाळीतला. बोर्ड मंडळाचा, दिवसभर मुलग्यांच्या ताब्यात. आम्हा मुलींना तो मिळायचा दुपारी, मुलगे शाळेत गेले की. शिकवलं काकांनी. ते म्हणायचे, "स्ट्रायकर मारायचा नसतो बाळ, सोडायचा असतो." मधली चाळीस-पंचेचाळीस वर्षं नोकरी, लोकल, मुलं, सासूबाईंचं आजारपण यात गेली आणि स्ट्रायकरला हात लागला नाही. तरी या बोर्डसमोर बसले आणि करंगळी आपोआप चौकटीला टेकली. कुणी सांगितलं नव्हतं. बोटांना माहीत होतं.

आता बोर्डबद्दल. खेळायची जागा ७४ सें.मी. चौरस, पॉकेट साडेचार सें.मी.च्या आतबाहेर, म्हणजे स्पर्धेचंच माप. चौकट तीन इंच रुंद, जड लाकडाची. बोर्ड चांगला की नाही हे ओळखायची एक जुनी चाचणी आहे: १५ ग्रॅमचा स्ट्रायकर पूर्ण जोर लावून समोर मारायचा, त्याने किमान साडेतीन वेळा या कडेपासून त्या कडेपर्यंत अंतर कापलं पाहिजे. आमच्या बोर्डवर पावडर टाकून पाहिलं, चौथ्यांदा तो निम्म्याच्या पुढे गेला. तोही माझ्या हातून! नातवाने मारला तेव्हा चार पूर्ण झाले.

पण मला खरं सुख देते ती हळू चाल. पॉकेटच्या तोंडाशी आपली पांढरी, तिच्या मागे चिकटून समोरच्याची काळी. पांढरी आत जायला हवी आणि काळी जागची हलता कामा नये. स्ट्रायकर जेमतेम पोचेल एवढाच सोडायचा. हलक्या बोर्डवर हे जमत नाही, कारण प्लाय कुठेतरी दबलेला असतो आणि हळू जाणारा स्ट्रायकर वाट सोडतो. इथे तो शेवटच्या बोटभर अंतरातही सरळ गेला, पांढरीला टेकला, पांढरी आत पडली, काळी तिथेच. आमच्या कट्ट्यावरच्या अठ्ठ्याहत्तर वर्षांच्या वहिनी असाच खेळ करतात. त्यांच्या मनगटात जोर उरलेला नाही, रिबाउंड, म्हणजे कडेवर आपटून परत येणारा फटका, त्या मारतच नाहीत. पण कट इतके बारीक की समोरचे दादा स्वतःची पाळी विसरून बघत राहतात. म्हणून म्हणते, जोर कमी झालेल्या माणसाला चांगल्या बोर्डची गरज तरुणापेक्षा जास्त असते.

अंगठ्याच्या सांध्याचं दुखणं आमच्यात तिघांना आहे. स्ट्रायकर अंगठ्यावर बोट अडवून सोडायची ज्यांना सवय, त्यांना सुरुवातीला जड गेलं. उपाय सोपा आहे: कात्री. तर्जनी आणि मधलं बोट एकमेकांवर अडवायचं आणि सोडायचं, अंगठ्याला काम नाही. आठवडाभर नेम चुकतो, मग बसतो. डॉक्टरांनी हाताला विश्रांती सांगितली असेल तर मात्र आधी त्यांना विचारा.

उजेडाची गोष्ट कुणीच सांगत नाही, म्हणून मी सांगते. पूर्वी बोर्डवर शंभरचा पिवळा बल्ब खाली लोंबत असायचा. त्याने दिसायचं तर होतंच, शिवाय त्याच्या उबेने बोर्ड कोरडा राहायचा, भर पावसातही सोंगट्या पळायच्या. आता एलईडी आले, त्यांची ऊब बोर्डपर्यंत पोचत नाही. आम्ही ठाण्यात राहतो. जुलैत हवा ओली झाली की तोच बोर्ड संथ होतो आणि लोक उगाच पावडर ओतत सुटतात. पावडर वाढवू नका. आधी सुक्या सुती कापडाने सगळी जुनी पावडर पुसून काढा, मग चिमूटभर नवीन. ओलं फडकं चुकूनही लावायचं नाही. खेळ झाला की पुठ्ठा घालून बोर्ड आतल्या भिंतीला उभा ठेवायचा, खिडकीखाली नाही. दोन पावसाळे गेले, प्लायला बाक आलेला नाही, आणि माझ्या लेखी हीच या बोर्डची सगळ्यात मोठी शिफारस आहे.

उजेडाचंच आणखी एक. या बोर्डला लॅकरची चमक चांगली आहे, पण मोतीबिंदूचं ऑपरेशन झालेल्यांना उघड्या एलईडीचं प्रतिबिंब थेट डोळ्यांत येतं. दिव्यावर शेड लावली की त्रास थांबतो. काळ्या सोंगट्या आणि राणी दोन्ही फिक्या पृष्ठभागावर स्पष्ट दिसतात.

बोरिक पावडर वापरत असाल तर ती पोटात जाता कामा नये. आमच्याकडे नियम आहे: बोर्ड सुरू असताना चहा-बिस्किटं दुसऱ्या टेबलावर आणि उठलं की हात साबणाने धुवायचे. नातवंडं आसपास असतात, म्हणून डबा वरच्या फळीवर ठेवतो.

आता अर्धा तारा. सोबत आलेल्या सोंगट्या बोर्डच्या तोडीच्या नाहीत. सोंगटी साधारण पाच ते साडेपाच ग्रॅमची हवी. आम्ही सराफी काट्यावर टाकल्या तर काही पाचाच्या खाली भरल्या आणि काहींच्या कडा हाताला खरबरीत लागल्या. अशा सोंगट्या पावडरीवर डुगडुगतात. सोबतचा स्ट्रायकरही फार हलका. आम्ही सोंगट्यांचा वेगळा संच आणि १५ ग्रॅमचा स्ट्रायकर घेतला, तेव्हा खेळ खुलला. जाळ्यांचा दोराही पातळ आहे, एक जाळी निसटली होती, ती वहिनींनी सुईदोऱ्याने पक्की केली. एवढ्या किमतीच्या बोर्डबरोबर हे मिळू नये.

वजनाची तक्रार मी करणार नाही. दोघांनी उचलावा लागतो हे खरं, पण त्या वजनामुळेच तो स्टँडवर हलत नाही.

कट्ट्यावर नियमांवरून पहिले काही दिवस कडाक्याची भांडणं झाली. आमच्या चाळीत राणीचे पाच गुण आणि २९चा गेम. दादा परळचे, त्यांच्याकडे आणखी तिसरंच काही. शेवटी इंटरनॅशनल कॅरम फेडरेशनचे नियम छापून आणले: गेम २५चा किंवा आठ बोर्डांचा (इथे बोर्ड म्हणजे एक डाव), राणीचे तीन गुण, आणि तेही २१ गुणांपर्यंतच, २२ झाले की राणीचा फायदा नाही. अंगठ्याने स्ट्रायकर मारूनही सोंगटी घेता येते, हे वाचून दादांना धक्काच बसला, कारण त्यांच्याकडे अंगठ्याने मारलं की ड्यू भरावा लागायचा, म्हणजे मिळवलेली सोंगटी दंड म्हणून परत ठेवावी लागायची. त्या छापील कागदावर चहा सांडला आहे, कोपरे फाटले आहेत, इतका तो रोज उघडला जातो. सत्तरी ओलांडलेली माणसं एका ड्यूवरून आवाज चढवून भांडतात, दुसऱ्या दिवशी साडेचारला आधी येऊन जागा धरतात. दादांच्या मुलीने मला जिन्यात थांबवून विचारलं, "काकू, बाबा दुपारी टीव्हीच लावत नाहीत, तुम्ही काय केलंत?" मी म्हटलं, उद्या त्यांचा डबल्सचा सामना आहे, बघायला ये.

आम्ही सामनेही बघतो. मारिया इरुदयम यांचे जुने व्हिडिओ मोबाइलवर लावतो. दोनदा जगज्जेते, १९९६चा अर्जुन पुरस्कार मिळालेला माणूस. हात किती शांत! त्यांच्याच चेन्नईच्या काझिमाने २०२४ साली अमेरिकेत विश्वचषक स्पर्धेत तीन सुवर्णपदकं मिळवली, तेव्हा वहिनींनी कट्ट्यावर पेढे वाटले. दुपारी मुलगे नसताना चोरून खेळलेल्या आम्ही दोघी, आम्हाला ती बातमी फार जवळची वाटली.

स्टँड वेगळा विकत मिळतो, तो डोळे झाकून मागवू नका. बरेच स्टँड बुटके असतात, त्यावर वाकून कंबर जाते. ६३ ते ७० सें.मी. उंची योग्य, आम्ही ६८चा घेतला. खुर्ची हात नसलेली हवी, म्हणजे कोपर मोकळं राहतं, आणि बैठक अशी की पाय जमिनीला पूर्ण टेकतील. एकदा बसलं की खुर्ची सरकवायची नाही, हा नियमच आहे, तेव्हा गुडघे दुखणाऱ्यांना उठबस करावी लागत नाही. आम्हाला बोर्ड आठ हजारांच्या आसपास पडला, स्टँड, सोंगट्या आणि स्ट्रायकर वेगळे. दहा घरांनी वर्गणी काढली. घ्यायचा तर पावसाच्या आधी घ्या, आणि पैसे देण्यापूर्वी दुकानातच स्ट्रायकर मारून साडेतीन फेऱ्या मोजा. दुकानदार मोजू देत नसेल तर दुसरं दुकान बघा.